वैजंताला मी नर्स केलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिच्यापाशी मी सगळं बोलते असं सगळ्यांना वाटतं त्या मैत्रिणीलाही नाही. "मनात साठवू नका, बोला, बोललं की हलकं वाटतं" – हे वाक्य मी रोजच्या भाकरीसाठी म्हणते. म्हणजे बघा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण आधीच सांगून ठेवते, हलकं वाटावं म्हणून मी हे लिहीत नाहीये. मला हलकं वाटायला नकोच आहे.

मग कशाला लिहितेय? टाळ्यांचा कंटाळा आला म्हणून, असं लिहिणार होते. लिहिलंही. मग खोडलं. टाळ्यांचा कंटाळा कुणाला येतो हो? मला तरी अजून आलेला नाही. खोटं सांगायची सवय ही अशी असते – कबुली द्यायला बसलं तरी हात आधी खोट्याकडंच जातो. तर कारण मला नीट माहीत नाही. लिहितेय, एवढंच.

मी नांदेडला राहते. माहेर बिलोली तालुक्यातलं, शेतीवाडीचं. नवरा नोकरीला. आणि मी पंधरा-सोळा वर्षांपासून शाळांतून आणि वसतिगृहांतून जीवनकौशल्यांचं प्रशिक्षण देते. स्वतःला ओळखणं, दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं, विचार करून निर्णय घेणं, ताण सोसणं, राग आवरणं. समोर आठवी-नववीची पोरं, नाहीतर त्यांचे शिक्षक. कागदावर कौशल्यं पुष्कळ आहेत, पण आमच्या संस्थेला बोलावणं येतं ते एकाच गोष्टीसाठी. "मॅडम, पोरं लई मारामाऱ्या करून राहिलीत, कायतरी करा." बाकीचं कुणाला नको असतं. राग तेवढा कमी करून द्या. कापसावर फवारणी करायला माणूस बोलवावा, तसं आम्हाला बोलावतात.

आणि राग कमी होतो बरं का! हे मी छातीवर हात ठेवून सांगते. माझी ही कबुली हाताशी धरून "बघा, हे जीवनकौशल्य वगैरे सगळं थोतांड आहे" असं कुणी म्हणणार असेल, तर त्यानं इथंच वाचायचं थांबवावं. लातूरला मी एक मुलगा बघितलाय. डॉक्टर व्हायला घरच्यांनी धाडलेला. एका खोलीत चौघं, पहाटेपासून क्लास, आणि चाचणीत मार्क कमी पडले की मेसमधलं ताट भिंतीवर. खोलीतल्या एका पोराचं नाक त्यानं फोडलं होतं. प्रशिक्षण संपायच्या आत तो त्याच पोराला स्वतःहून चहाला घेऊन गेला. कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभर मी त्याच्या मेसवाल्याला विचारत राहिले, ताट पुन्हा भिंतीवर गेलं नाही. हे खरं आहे. ह्यात माझा हात आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, तो मी सोडणार नाही.

मी स्वतः तापट आहे. नाकावर राग. लग्नानंतर पहिल्या वर्षात मी घरातलं काय काय आपटलं ते नवरा पाहुण्यांना अजून हसून सांगतो. म्हणूनच हे काम मला जमतं. रागावलेलं पोर समोर आलं की मला त्याची भीती वाटत नाही, ते घरचं वाटतं.

वैजंताही मला घरचीच वाटली होती. हे नाव बदललेलं आहे.

आमच्या धंद्यात – हो, धंदाच म्हणते – प्रत्येकाकडं एक किस्सा असतो. शिक्षकांचं प्रशिक्षण असलं की दुपारचं जेवण झाल्यावर सभागृह पेंगायला लागतं. पंखे फिरतात, माना डुलतात. तेव्हा किस्सा काढायचा. माझा किस्सा वैजंताचा. लातूरपासून देगलूरपर्यंत ज्यांनी ज्यांनी माझं प्रशिक्षण केलंय, त्यांना तो पाठ असेल. किनवटच्या जंगलातली निवासी शाळा. नववीतली एक मुलगी, इतकी तापट की तिनं वसतिगृहाच्या अधीक्षिकेवर हात उचलला. मी गेले. पाच दिवस तिच्यावर काम केलं. शेवटच्या दिवशी ती भरसभेत पुढं आली, अधीक्षिकेच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडली. आज ती लातूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे, आणि गुरुपौर्णिमेला न चुकता मला फोन करते. इथं मी जरा थांबते. बाया पदर डोळ्यांना लावतात. मग टाळ्या.

ह्यातलं खरं किती? किनवट खरं. नववी खरी. पाया पडली, तेही खरं. रडली नाही. एक थेंब नाही.

आणि नर्स? नर्स तिला मी केलं. लातूरच्याच एका प्रशिक्षणात मागच्या रांगेतल्या एका गुरुजींनी विचारलं, "मग ती पोरगी आता काय करती मॅडम?" साधा प्रश्न. मी म्हणाले, नर्स आहे. तोंडातून गेलं. पुढच्या वेळी कुणी विचारलं नाही, तरी मीच सांगितलं. मग पांढरा गणवेश आला. मग गुरुपौर्णिमेचा फोन आला. दोन वर्षांपूर्वी मी तिला बढतीसुद्धा दिली – आता ती तिथली मुख्य सिस्टर आहे. हसू येतंय ना? मलाही यायचं. एकटीच असताना यायचं.

पण हे खोटं म्हणजे वरची साय आहे. खालचं सांगायचं राहिलंय. तुमच्या लक्षात आलं असेल, मी किती वेळ काठाकाठानं फिरतेय.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस. किनवट भागात थंडी कशी असते ते तिथं राहिलेल्यालाच विचारा. शाळा एका खाजगी संस्थेची, शाळेला लागून मुलींचं वसतिगृह. मुख्याध्यापकांचा आमच्या ऑफिसात फोन आला होता – एका मुलीनं अधीक्षिकाबाईंना मारलंय, मुलींचे दोन गट पडलेत, संस्थेचे सचिवसाहेब त्या मुलीला काढा म्हणतायत, तिचा बाप म्हणतोय माझ्या लेकीची चूक नाही, आणि मला काही सुचेना झालंय, तुम्ही या. मी गेले.

मारलं होतं म्हणजे कसं? अधीक्षिकाबाईंनी वसतिगृहात एक रीत पाडली होती. ज्या मुलीचं अंथरूण ओलं होईल, तिनं सकाळच्या प्रार्थनेला ती ओली गोदडी डोक्यावर घेऊन उभं राहायचं. सगळ्यांसमोर. प्रतिज्ञा होईपर्यंत. पाचवीतली पारू – तिचंही नाव बदललंय – जवळजवळ रोज उभी असायची. एके दिवशी वैजंता नववीच्या रांगेतून निघाली, पारूच्या डोक्यावरची गोदडी उचलली आणि बाईंच्या डोक्यावर टाकली. बाई आत चाचपडतायत तोवर वरून दोन बुक्क्या घातल्या. लागलं असं काही नाही, गोदडी जाड होती. पण पोरी हसल्या. सगळी शाळा हसली. बुक्क्या त्या बाईंनी पोटात घातल्या असत्या, हसणं नाही घातलं.

हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही. मला सांगितलं ते एवढंच की मुलगी आक्रमक आहे. मी माझं काम सुरू केलं. फुग्याचा खेळ घेतला – फुगा म्हणजे राग, फुगवत गेलो की फुटतो, हळूहळू सोडला तर आवाजही होत नाही. सगळ्या मुलींनी फुगे फुगवले, सोडले, किलबिल केली. वैजंतानं फुगा फुगवलाच नाही. खिशात घालून ठेवला. मी विचारलं तर म्हणाली, "पारूला नेऊन देते. तिला खेळायला न्हाई काय."

तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. हापशावर आम्ही दोघीच होतो, ती हापसत होती आणि मी हात धूत होते. "पारू लहान हाय मॅडम. घरची सय आली की तिला तसं व्हतं. ती काय मुद्दाम करती का? आन् बाई म्हंत्यात लाज वाटली म्हंजी बंद व्हईल. लाजीनं तर अजून जास्ती व्हायलंय तिचं." पंधरा वर्षांची पोर. मी पुस्तकं वाचून जे शिकले होते ते तिनं हापसता हापसता सांगितलं.

आणि मी – मला काय वाटलं असेल? राग आला का? आला. खोटं कशाला बोलू, कानशिलं तापली माझी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम प्रार्थनेला गेले. पारू उभी होती. डोक्यावर गोदडी, गोदडीचं पाणी मानेवरून गणवेशात, आणि दात वाजतायत. त्या आवाजावर बाजूच्या मुली प्रतिज्ञा म्हणत होत्या – सारे भारतीय माझे बांधव आहेत. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मी काय केलं माहिताय? पर्समधून मोबाईल काढला आणि बघत बसले. त्या शाळेत मोबाईलला रेंजच नव्हती.

त्या दिवशी मी माझी युक्ती काढली. माझ्या प्रशिक्षणात शेवटच्या दिवशी "माफीचा तास" असायचा. हा तास कुठल्या पुस्तकात नाही, माझ्या डोक्यातून निघालेला. आपण ज्याला दुखावलं त्याच्यासमोर जायचं आणि पाया पडायचं. आपल्याकडं पाया पडणं म्हणजे काय असतं हे तुम्हाला माहीत आहे. "सॉरी" म्हणून पोरं मोकळी होतात, त्यात काही नाही. पण वाकलं की समोरच्यालाही हात डोक्यावर ठेवावाच लागतो. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, वर्षानुवर्षांची भांडणं मी अशी मिटलेली बघितलीत. मला वाटलं, वैजंता बाईंच्या पाया पडेल, बाई विरघळतील, सचिवांना काढायचं कारण उरणार नाही. पोर शाळेत राहील. हे मला खरंच वाटलं होतं. पण तेवढंच वाटलं होतं असं नाही. वैजंता वाकलेली मला दिसतही होती. सभा, हार, शाल, आणि मधोमध ती. तो देखावा मला हवा होता.

ती तयार होईना. "म्या पाया पडायचं? तिच्या? गोदडी पारूच्या डोक्यावर, आन् पाया म्या पडू?" मी समजावलं. दुसऱ्याच्या जागी जाऊन बघ म्हटलं, अधीक्षिकाबाईंनाही ताण असतो म्हटलं. मग मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हणाले, तू पाया पड, मी सचिवांशी बोलते. गोदडीचं बंद होईल. माझा शब्द आहे.

तिनं विचार केला. खरंच विचार केला – माझ्या सगळ्या पाच दिवसांत कुणी खऱ्या अर्थानं निर्णय घेताना मी तेवढंच बघितलं. मग विचारलं, "नक्की बोलताव ना मॅडम?"

"नक्की."

"मंग पडते. माझं काय बी व्हऊ द्या."

शेवटच्या दिवशी सगळं झालं. सचिवसाहेब आले, नारळ, शाल, हार. वैजंता उठली, चालत पुढं गेली आणि वाकली. बाईंनी लगेच हात ठेवला नाही. ठेवतील, ठेवतील म्हणून सगळी सभा बघत होती आणि ती तशीच वाकून होती. बाई सचिवांकडं बघून हसल्या, पदर सारखा केला, मग हात ठेवला – "सुखी राहा, पुन्हा असं करू नको." पहिली टाळी कुणी वाजवली असेल? मी. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. नाटकाचं असतं तर बरं झालं असतं.

मग मुख्याध्यापकांच्या खोलीत पोहे आणि चहा. सचिवसाहेब माझ्या समोर बसलेले, मध्ये एक टेबल. "मॅडम, तुमी तर कमालच केली. निखारा व्हती ती पोरगी." बोलायला ह्यापेक्षा चांगली वेळ कुठली असते? तुम्ही म्हणाल, दडपण असेल. नव्हतं. ती बाई सचिवांच्या नात्यातली असेल. नव्हती. आमच्या संस्थेचं पुढचं काम अडलं असतं? तेही नाही, आमचं काम त्यांच्यावर अवलंबून नव्हतंच. माणूस वाईटही नव्हता, साधा पांढऱ्या कपड्यातला पुढारी माणूस. कदाचित त्याला हे माहीतही नसेल. मी एक वाक्य बोलले असते – साहेब, ते गोदडीचं तेवढं बंद करायला सांगा – तर तो "हो हो" म्हणाला असता आणि बाईंना हाक मारली असती. एवढं सोपं होतं. मी म्हणाले, "मुली मुळात चांगल्याच आहेत." आणि पोहे छान झालेत म्हणाले.

का नाही बोलले? भ्यायले असते तर तुम्ही मला समजून घेतलं असतं. पण मी भ्यायले नव्हते. सगळे खूश होते, मी खूश होते, आणि त्या खुशीत ओली गोदडी कोण आणणार? एवढंच कारण आहे. ह्याहून मोठं कारण मी बारा वर्षं शोधतेय, सापडत नाही.

जीप निघाली तेव्हा वैजंता फाटकाशी उभी होती. तिनं हनुवटी वर करून विचारलं – झालं का? मी हात हलवला. निरोपाचा हलवतात तसा. तिनं त्याचा काय अर्थ घेतला असेल, ते बघायला मी मान वळवली नाही.

तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी मुख्याध्यापकांचा फोन आला. मी सहज विचारलं, वैजंता कशी आहे? "तिला तर काढलं की मॅडम. तुमी गेल्यावर दोनच दिवसांत." मी म्हणाले, अहो, पण माफी मागितली ना तिनं? "तेच तर. सचिवसाहेब म्हंले, चूक नव्हती तर पाया कशाला पडली? भरसभेत कबूल केलंच की. बाप आल्ता, तोही गप झाला. तोंड कुठं व्हतं त्याला बोलायला?"

तोवर तिच्या बाजूनं बोलायला जागा होती. बाप भांडत होता, पोरी भांडत होत्या, मुख्याध्यापक डळमळत होते. ती जागा मी बुजवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी आधी शिकवला आणि मग प्रमाणपत्रही वाटलं.

फोन ठेवला. तेव्हा तरी जायचं होतं ना मी? किनवट काही परदेशात नाही, नांदेडहून गाडी जाते. गेले नाही. वर्षभरानं पाठपुराव्यासाठी आमच्या ऑफिसातून कुणीतरी जायचं होतं, तेव्हा मी माझ्या हाताखालच्या मुलीला पाठवलं. ती परत आली ती चिडून. म्हणाली, मॅडम, तिथं लहान पोरींना ओल्या गोदड्या डोक्यावर देऊन उभं करतात, आपण काहीतरी करायला पाहिजे. मी तिला म्हणाले, आपलं काम प्रशिक्षणाचं आहे, तपासणीचं नाही. आणि वर म्हणाले, तू जरा रागावर काम कर.

हो, हे मी म्हणाले. तिला. ती मुलगी पुढं आमचं काम सोडून गेली.

आता सांगते, ह्या सगळ्यातून मला काय कळलं. काही थोर कळलं असं समजू नका. पोरांचा राग किती, हे आम्ही प्रशिक्षणाआधी विचारतो आणि नंतर विचारतो, आणि कमी झाला की खूश होतो. तू कुणाला मारतोस, किती वेळा ओरडतोस, वस्तू फेकतोस का. हे सगळं विचारतो. राग कशाचा येतो, हे आम्ही विचारत नाही. लातूरच्या त्या पोराचा राग त्यालाच खात होता, तो कमी झाला ते चांगलंच झालं. वैजंताचा राग तिला खात नव्हता. तो पाचवीतल्या एका पोरीला सांभाळत होता. त्या वसतिगृहात सगळ्या मोठ्या माणसांत मिळून जेवढी माणुसकी नव्हती तेवढी त्या दोन बुक्क्यांत होती. आणि ह्यातलं मला काहीच नंतर कळलेलं नाही. हापशावर उभी असतानाच मला कळलं होतं. न कळण्याचं सोंग तेवढं मी नंतर घेतलं.

आता म्हणा काय म्हणायचं ते. मी माफीचा तास बंद केला. दुसरंच काही कारण सांगून. पण किस्सा नाही बंद केला. किस्सा चालूच राहिला, कारण तो चालतो.

आणि मग ह्या वर्षी देगलूर. मावसबहिणीकडं लग्न होतं. तिच्या नवऱ्याचं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान आहे. दुपारी आम्ही दोघी तिथं चहाला बसलो. बाहेर ओट्यावर पाच-सहा बाया मुगाला चाळणी मारत होत्या. धुरळा उडत होता, मराठी-तेलुगू दोन्ही चाललं होतं. एका हमालानं पोतं त्यांच्या अगदी अंगावर आणून टाकलं, आणि एक बाई उसळली. "डोळे फुटले का रे तुझे? हितं बाया बसल्यात, दिसंना व्हय? उचल ते!" हमाल बापडा चांगला उंचापुरा. गुमान पोतं उचलून पलीकडं नेलं. बाया हसल्या. मीही हसले. मग ती बाई माझ्याकडं वळली आणि चाळणी तिच्या हातातच थांबली.

"मॅडम ना तुमी? किनवटला आल्त्या त्या?"

वैजंताला ओळखायला मला क्षणही लागला नाही. मला वाटलं, आता ती माझ्यावरही अशीच उसळणार. खरं सांगते, मला ते हवं होतं. मी उठून उभी राहिले, तयार झाले.

ती उसळली नाही. पदरानं तोंडावरचा धुरळा पुसून ओट्याच्या कडेला आली. इकडं लग्न करून दिल्याला किती वर्षं झाली, दोन लेकरं आहेत, थोरली पाचवीला आहे, सगळं भराभरा सांगितलं. शाळा सुटली त्याचं काही बोलली नाही. मी तिच्या पोरीचं नाव विचारलं, अभ्यास कसा आहे विचारलं. मी दुसरं काय विचारणार?

मग ती जरा जवळ आली. आवाज खाली आणला. "मॅडम, एक इचारू का? मला दोनच दिसात काढलं, मला पुढचं काय कळलंच न्हाई. ते गोदडीचं तुमी बोल्ल्या व्हत्या का सायबाला? बंद झालं का ते?"

बहीण आतून चहा घे म्हणून हाका मारत होती.

"हो," मी म्हणाले. "बोलले होते. त्याच दिवशी बंद झालं."

तिनं मोठा श्वास सोडला. अख्खं तोंड उजळलं तिचं. "मला वाटलंच. न्हाईतर म्या कशाला पडले असते हो पाया तिच्या? पारू सुटली, बास झालं." आणि वळून तिनं शेजारणीला तेलुगूत सगळं सांगायला सुरुवात केली, हात हलवून हलवून, माझ्याकडं बोट दाखवून. त्या बाईनं चाळणी खाली ठेवली आणि मला हात जोडले.

मीही जोडले.

तिला वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोलले, असं म्हणायची सोय आहे. ती सोय मी घेत नाही. ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, ती नजर मला हवी होती. म्हणून हो म्हणाले.